आत्या आसरांमधली

परवा मुलाचा पुण्याहून फोन आला. आवाज बारीक करून बोलत होता, म्हणजे नात शेजारच्या खोलीत असणार. म्हणाला, "आई, तू जरा बोलून बघ तिच्याशी. ती म्हणते, मी माणूस नाहीच. शरीर माणसाचं आहे, आत्मा परीचा आहे. आता यावर काय बोलायचं सांग!"

मी आधी हसले. नात चोवीस वर्षांची आहे, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी करते. मला वाटलं बापाची फिरकी घेतली असेल. पण तो हसत नव्हता. "तिच्या लग्नाचं बघायचंय," तो म्हणाला, "हे बाहेर कुणाला कळायला नको."

ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझं हसू गेलं. कारण हेच वाक्य, जवळजवळ ह्याच शब्दांत, मी पन्नास वर्षांपूर्वी आमच्या घरात ऐकलेलं आहे. तेव्हा ते माझ्या लग्नासाठी बोललं गेलं होतं. आणि जिला लपवायचं होतं ती माझी आत्या होती.

तर आज आत्याबद्दल लिहिते. माहेरच्यांना बरंचसं माहीत आहे. सासरच्या मंडळींना नाही. ते का, तेही सांगते.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यातलं. गर्भगिरीचा डोंगर, माळरान, आणि पावसाचा काही भरवसा नाही. गावाच्या खालच्या अंगाला एक जुनी दगडी बारव आहे. तिच्या कोनाड्यात शेंदूर फासलेले सात दगड. साती आसरा. आमच्या भागात जिथे पाणी तिथे त्या असायच्याच, विहिरीवर, ओढ्याच्या डोहावर. नव्या विहिरीला पाणी लागलं की त्यांची ओटी भरायची. हिरवा खण, हिरव्या बांगड्या, दहीभात. भर दुपारी बारा वाजता आणि दिवेलागणीला पोरीबाळींनी एकटं पाण्यावर जायचं नाही, नाहीतर आसरा धरतात, असं आम्हाला बजावलेलं असे.

आसरा म्हणजे अप्सरा. अप् म्हणजे पाणी, पाण्यातून फिरणारी ती अप्सरा. पुढे शाळेच्या ग्रंथालयाची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा या साती जणींची नावं एका पुस्तकात सापडली. मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा, मकरी. मला मोठी गंमत वाटली. इंद्राच्या दरबारात नाचणाऱ्या कुठे, आणि ही मासळी, कासवी, खेकडी, बेडकी कुठे! हे तर डोहातलं घरगुती गोकुळ. कोसंबींनी १९६२ च्या 'मिथ अँड रिअॅलिटी'त पाण्याकाठच्या मावलायांविषयी लिहिलंय, त्यातली एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. या देवता नेहमी घोळक्यानं असतात. एकटी कधी नसते.

आत्या म्हणायची, "मी त्यांच्यातली हाये."

लहानपणापासून म्हणायची. अण्णा तिच्याहून चार वर्षांनी मोठे, त्यांनी मला सांगितलेलं. सहा-सात वर्षांची असताना ती दुपारी बारवेच्या पायरीवर जाऊन बसायची आणि बोलवायला गेलं की म्हणायची, मी घरीच आहे की. चौदाव्या वर्षी शेवगावकडे तिचं लग्न लावून दिलं. सतराव्या वर्षी ती परत आली, किंवा त्यांनी आणून सोडली. दोन्ही प्रकारे सांगितलं जायचं. नंतरची सगळी वर्षं ती आमच्याच घरात होती. धारा काढायची, भाकरी थापायची, आम्हा भावंडांना न्हाऊ घालायची. वेडी बाई हे सगळं करते का? पण गावात तिचं नाव पडायचं ते पडलंच.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती मला फार उशिरा कळली. अंगात येणं आमच्या गावाला नवं नव्हतं. आसरा अंगात येणाऱ्या बायका चार-पाच तरी होत्या. त्या घुमायच्या, लोक त्यांना प्रश्न विचारायचे, ओटी भरायचे, आणि वारं उतरलं की ती बाई पदर सारखा करून पुन्हा चुलीशी जायची. तिला कुणी वेडी म्हणत नव्हतं. कारण जे काही होतं ते बाहेरून आलेलं होतं आणि बाहेर जाणार होतं. आत्याचं तसं नव्हतं. ती कधी घुमली नाही. ती शांतपणे सांगायची की माझ्या अंगात कुणी येत नाही, मीच ती आहे. याला गावाकडे उत्तर नव्हतं. भगत आणला. त्यानं मिरच्यांची धुरी दिली, केस धरून विचारलं, "कोण आहेस? कुठून आलीस? केव्हा जाणार?" आत्या खोकत खोकत म्हणाली, "बारवंतून आले. जायाचं कुठं, हितंच तर राहाते." भगत तीन आठवडे येत होता. शेवटी अण्णांना म्हणाला की काढायला आत दुसरं कुणी सापडत नाही. (आज असली धुरी देणारा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं आत जाईल. बरं आहे.)

आसरा या शब्दाचा दुसरा अर्थ वाचकांच्या मनात आला असेलच. नवऱ्यानं टाकलेली बाई भावाच्या आसऱ्याला राहते आणि म्हणते मी आसरा. मी स्वतः कितीतरी वर्षं हेच सांगत आले. बी.ए.ला मराठी घेतलेलं, शब्दांवर कोट्या करायची खोड. आमच्या शिक्षक मंडळात मी एकदा यावर बोललेही होते, की ज्या बाईला घर नाही ती असं घर शोधते वगैरे. टाळ्या मिळाल्या. पण आता नीट विचार करते तर हे जुळत नाही. ती लग्नाच्या आधीपासून म्हणत होती. सहा वर्षांच्या पोरीला कुणी टाकलं होतं? माझं ते स्पष्टीकरणही भगताच्याच जातीचं होतं. त्यालाही आत दुसरं कुणीतरी हवं होतं, मलाही.

श्रावणात आमच्याकडे नवनाथांची पोथी लागायची. मालूकवीचा 'नवनाथ भक्तिसार', शके १७४१ चा, चाळीस अध्याय. अण्णा वाचायचे. त्यात सुरोचन गंधर्वाची कथा आहे. इंद्राच्या सभेत त्याच्याकडून मेनकेच्या बाबतीत आगळीक झाली, म्हणून इंद्रानं शाप दिला की पृथ्वीवर गाढव होशील. मग तो कमठ नावाच्या कुंभाराच्या घरी गाढव होऊन राहतो, दिवसा माती वाहतो, आणि रात्री माणसाच्या वाणीनं बोलतो की मला राजाची मुलगी बायको करून दे! बिचारा कुंभार घाबरून गाव सोडायला निघतो. आम्ही पोरं इथे खो खो हसायचो. आत्या हसायची नाही. ती डोळ्याला पदर लावून बसलेली असायची. विक्रम राजा हा त्याच गंधर्वाचा मुलगा. आणि शाप संपला की गंधर्व आपल्या रूपात येऊन निघून जातो. तिथे आत्या उठून आत जायची.

आपल्याकडे ही कल्पना किती रुळलेली आहे बघा. हनुमंताची आई अंजनी ही मूळची पुंजिकस्थला नावाची अप्सरा. एखादा गुणी गायक दारूपायी वाया गेला की आपण सहज म्हणतो, शापित गंधर्व. नारायण श्रीपाद राजहंसांना तर सगळा महाराष्ट्र बालगंधर्वच म्हणत आला. म्हणजे दुसऱ्या कुणी म्हटलं तर कौतुक. स्वतः म्हटलं तर वेड.

१९७२ चा दुष्काळ. माझं बी.ए. झालं होतं आणि मी नगरहून गावी परतले होते. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझी जीभ अजून वळत नाही.) त्या वर्षीचं ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. मिलोच्या लाल भाकरी, सुकडी, आणि बायामाणसं सगळी खडी फोडायला. बारव तळापर्यंत कोरडी पडली होती, कासवी नाही की बेडकी नाही. पाणी दोन मैलांवरून बैलगाडीत पिंपानं यायचं आणि माणशी मोजून मिळायचं. तर एका संध्याकाळी मी बघितलं, आत्या तांब्या पदराखाली धरून बारवेत उतरते आहे. मागोमाग गेले. तिनं ते पिण्याचं पाणी थोडं थोडं करून सातही दगडांवर घातलं.

मी संतापले. शिकलेली ना! तिच्या हातून तांब्या हिसकावला आणि म्हणाले, "अप्सरांना तहान लागत नाही, आत्या."

ती म्हणाली, "त्यान्ला न्हाय लागत. मला लागती."

दुसऱ्या दिवशी कळलं की ती स्वतःच्या वाटणीतला तांब्या नेत होती. बारा दिवस नेत होती. घरात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं की ही बाई निम्म्या पाण्यावर राहतेय.

पुढच्या वर्षी फाल्गुनात मला बघायला मंडळी यायची ठरली. तेव्हा मढीला कानिफनाथांची यात्रा भरलेली असते, होळीपासून पाडव्यापर्यंत. मढीची यात्रा आणि तिथला गाढवांचा बाजार. लांबलांबून भटके लोक आपली जनावरं घेऊन येतात, पूर्वी तर त्यांच्या जातपंचायतीही तिथेच बसत. घरात ठरलं की आत्याला शेजाऱ्यांबरोबर दोन दिवस मढीला पाठवायचं. "हे बाहेर कळायला नको," अण्णा आईला म्हणाले. मी ओट्यावर बसून ऐकत होते. आत्या मोठ्या आनंदानं गेली. तिला कुणी कधी यात्रेला पाठवलं नव्हतं.

पाहुणे आले. पोहे झाले. सासूबाई, म्हणजे होणाऱ्या सासूबाई, मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि सरळ विचारलं, "घरात कुणाला वेडबिड, बाहेरचं काही?" मी म्हणाले, "नाही. आमच्यात असं कुणी नाही."

अण्णांनी मला हे बोलायला सांगितलं नव्हतं. ते माझं मीच बोलले.

आत्या परत आली ती रेवड्यांची पुडी घेऊन. रात्री माझ्या शेजारी अंथरुणावर पडल्या पडल्या सांगत होती, की बाजारात एक पांढरं गाढव होतं, ते एकसारखं माझ्याकडे बघत होतं. "वळखीचं बघणं हुतं बाय," म्हणाली. मी झोपेचं सोंग घेतलं.

लग्नात ती होती, पण मागे, भांड्यांच्या खोलीत. ह्यांना मी दोन वर्षांनी सगळं सांगितलं. ते म्हणाले, आता कशाला काढतेस. सासूबाईंना मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि आत्या एकदाही माझ्या घरी राहायला आली नाही. मी बोलावलं नाही म्हणून. ती गेली तेव्हा माझ्या वार्षिक परीक्षा चालू होत्या, मी तिसऱ्या दिवशी पोचले.

हे झालं आत्याचं. आता नातीचं.

रविवारी ती आली. मी आधी साधे प्रश्न विचारले. झोप लागते का? जेवण जातं का? कामावर जातेस ना? कुणी मरायला वगैरे सांगतं असे आवाज येतात का? ती म्हणाली, "आजी, बाबांनी मला आधीच डॉक्टरांकडे नेलंय. डॉक्टर म्हणाले, काम नीट चाललंय, माणसांत आहे, मला आजार दिसत नाही." मग बरं वाटलं. आत्याच्या वेळी हे विचारणारं कुणी नव्हतं, याची खंतही वाटली.

मग तिनं सांगितलं. लहानपणापासून आपण इथले नाही असं वाटतं. माणसं मोठ्यानं बोलली की अंग दुखतं. झाडीत गेलं की आपल्या घरी आल्यासारखं वाटतं. मग कधीतरी वाचनात आलं की जगात असं वाटणारे पुष्कळ आहेत. तिच्याकडून माझ्या ज्ञानात बरीच भर पडली. अमेरिकेत १९७०च्या दशकापासून आपण वनदेवतांच्या कुळातले आहोत असं म्हणणारी मंडळी आहेत. १९९० साली त्यांच्यातच 'अदरकिन' हा शब्द निघाला, म्हणजे 'दुसऱ्या गोतातले' म्हणा. २००२ मध्ये डोरीन व्हर्च्यू नावाच्या बाईंनी 'अर्थ एंजल्स' हे पुस्तक लिहून काही माणसांचा आत्मा परीलोकातून आलेला असतो असं सांगितलं. (याच बाई २०१७ मध्ये ख्रिस्ताकडे वळल्या आणि हे सगळं चूक होतं म्हणू लागल्या. तेही नातीनंच सांगितलं, हसत. पोरगी प्रामाणिक आहे.)

मी तिला रघुवंशातली इंदुमती सांगितली. आठवा सर्ग, आम्हाला बी.ए.ला संस्कृतच्या पेपरात होता. अज राजा आणि त्याची राणी बागेत बसलेली असतात. आकाशातून नारद जात असतात, त्यांच्या वीणेवरची फुलांची माळ वाऱ्यानं सुटते आणि राणीच्या छातीवर पडते. तेवढ्यानं ती मरते. राजा वेडापिसा होतो. मग वसिष्ठांचा निरोप येतो की ती मूळची हरिणी नावाची अप्सरा होती, तृणबिंदू ऋषींची तपश्चर्या मोडायला गेली म्हणून माणसाचा जन्म मिळाला, आणि स्वर्गातली फुलं दिसेपर्यंतच तो शाप होता. "यात मला काय खटकतं सांगू का," मी म्हणाले, "इंदुमतीला स्वतःला हे कळतच नाही. ती गेल्यावर नवऱ्याला कळवतात."

नात म्हणाली, "आणि आजी, प्रत्येक वेळी शापच का? माणूस होणं ही शिक्षाच का?"

याला मजजवळ उत्तर होतं, कारण माझी अकरा वर्षं नेवाशात गेली. पैसाच्या खांबाशी बसून मुलांना ज्ञानेश्वरी शिकवलेली. गीतेच्या नवव्या अध्यायात म्हटलंय की यज्ञयाग करून स्वर्गात गेलेले लोक पुण्य संपलं की परत मृत्युलोकात येतात. तिथे ज्ञानेश्वर महाराजांनी स्वर्गाची काही भीड ठेवलेली नाही. पैसे संपल्यावर वेश्येच्या दारात जसं कुणी उभं करत नाही, तसं ते असतं म्हणतात. "त्या हिशेबानं," मी म्हणाले, "आपण सगळेच कधी ना कधी तिथून हाकललेले. त्यात विशेष काही नाही."

"मग तू पण परी?"

"मी हेडमास्तरीण," मी म्हणाले. दोघी हसलो.

पण मग तिनं विचारलं, "तुला हे खरं वाटतं का?" मी खरं ते सांगितलं. मला नाही वाटत. आत्या आसरा होती असंही मला वाटत नाही. ते दगड दगडच आहेत असं मी बारवेत उभी राहूनही म्हणेन. नात थोडी हिरमुसली. मग तिला आत्याची सगळी गोष्ट सांगितली, तांब्याची आणि पाहुण्यांचीसुद्धा. ती बराच वेळ काही बोलली नाही. म्हणाली, "म्हणजे विश्वास नव्हता हे ठीकच होतं गं. पण नाही का म्हणालीस?"

मुलाला मी संध्याकाळी सांगितलं की बायोडाटात काही लिहायची गरज नाही. पण कुणी विचारलं तर "आमच्यात असं कुणी नाही" म्हणू नकोस. ते तिचं ती सांगेल. तो चिडलाय. चिडू दे.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी गावी जाऊन आलो. गावातल्या मुलांनी बारवेतली झाडंझुडपं काढून ती साफ केली आहे. साती दगडांना कुणीतरी केशरी ऑइलपेंट दिलाय, तो मला मुळीच आवडला नाही. तळाशी हिरवट पाणी होतं. नातीनं बूट काढले, उतरून पायरीवर बसली. बाटलीतलं निम्मं पाणी प्याली, निम्मं दगडांवर ओतलं. मी वरच उभी होते, गुडघे साथ देत नाहीत.

परत येताना एस.टी.त तिनं आत्याचा फोटो मागितला. माझ्याकडे नाही. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये ती एकाही फोटोत नाही, दोनदा शोधलं. अण्णांच्या एकसष्टीला अंगणात सगळ्यांचा मिळून एक फोटो काढला होता, त्यात मागच्या रांगेत, कडुलिंबाजवळ ती उभी असावी असं मला आठवतं. हिरव्या बांगड्या असतील हातात. माहेरच्यांपैकी कुणाकडे तो फोटो असेल तर नातीला पाठवा. तिला हवा आहे.